घिसाड्यांच्या ऐरणीपाशीं

विनोद आणि शिष्टाचार हे दोन शब्द एका दमांत उच्चारले, कीं आपल्यासारख्या शहरी माणसाच्या डोळ्यांपुढें दिवाणखाना उभा राहतो. चहाचे पेले, बैठकीवरचे चार स्नेही, आंतबाहेर करणाऱ्या यजमानीणबाई, आणि कोणी तरी सहज केलेली एखादी कोटी. कोटी बोचूं नये आणि बोलणें कोरडें होऊं नये, एवढी खबरदारी घेतली म्हणजे सुसंस्कृतपणाचें सारें गणित सुटलें, अशी आपली समजूत असते. आज मी आपणांस जेथें घेऊन जाणार आहें, तेथें दिवाणखाना नाहीं. रस्त्याच्या कडेला टाकलेलें एक पाल आहे, जमिनींत रोवलेली ऐरण आहे, तिच्या शेजारीं कोळशाची भट्टी आहे, आणि समोरासमोर एक पुरुष व एक स्त्री आहे. पुरुष बसलेला आहे. स्त्री उभी आहे, आणि तिच्या हातांत पांच-सहा किलो वजनाचा घण आहे. थट्टा कोणाची करावी, केव्हां करावी आणि कोठें थांबावें, याचें जें कांहीं थोडेंबहुत शिक्षण मला मिळालें, तें अशा एका ऐरणीपाशीं मिळालें.

गांव राहाता. नगरहून मनमाडकडे निघालें म्हणजे राहुरी, कोल्हार मागें टाकल्यावर आणि शिरडी येण्यापूर्वीं तें लागतें. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. सवयीनें माझ्या तोंडीं अजून नगर येतें, त्याबद्दल श्रोत्यांनीं क्षमा करावी. शिरडीच्या यात्रेकरूंना हें गांव मोटारीच्या खिडकींतून दिसतें, तेवढेंच. ज्यांचें बालपण येथें गेलें, त्यांना तें पेरूंच्या वासावरून ओळखतां येतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोदावरीचे कालवे या बाजूला आले आणि ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस व फळबागा उभ्या राहिल्या. जवळच लोणी येथें प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५० सालीं सुरू झाला. जेथें पाणी तेथें तण, जेथें तण तेथें खुरपें. आणि जेथें ऊस तेथें कोयता. कालव्याच्या पाण्याबरोबर लोखंडाचें कामहि वाढलें.

हें काम करणारे आमच्याकडे दोन प्रकारचे. एक गांवचा लोहार, बारा बलुतेदारांपैकीं. त्याच्या भट्टीवर घण मारावयास पुष्कळदां गिऱ्हाईकच उभें राही. फाळ ज्याचा, घण त्यानें मारावयाचा, अशी रीत. ज्याच्यापुढें गांवांत कोणी ब्र काढीत नसे, असा पाटीलहि लोहाराकडे आला म्हणजे बाह्या सारून घण उचली, आणि लोहार त्याला खालीं बसूनच 'मारा धनी, आणखी एक' असें फर्मावी. 'धनी' हा शब्द मुजऱ्याचा, आणि क्रियापद आज्ञेचें! दोन्ही एकाच वाक्यांत नांदत आणि त्यांत कोणाचाहि अपमान होत नसे.

दुसरे घिसाडी. हे फिरते लोहार. गाड्या-गाढवांवर संसार घालून गांवोगांव हिंडावें, बाजारतळाच्या कडेला पाल टाकावें, चार दिवस विळे, खुरपीं, कुऱ्हाडी शेवटून द्याव्या आणि पुढचें गांव गांठावें, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. चव्हाण, पवार, सोळंके अशीं त्यांचीं आडनांवें. आपण मूळचे रजपूत, असें ते सांगतात. त्यांची घरगुती बोली मराठीहून वेगळी आहे. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषापाहणींत ती 'तारीमूकी' या नांवानें गुजरातीच्या परिवारांत घातली आहे. राजस्थानांत त्यांच्यासारखेच गाडोलिया लोहार आहेत. १५६८ सालीं अकबरानें चितोड घेतल्यावर, गड परत मिळेपर्यंत छपराखालीं राहावयाचें नाहीं अशी शपथ आपल्या पूर्वजांनीं घेतली, असें ते मानतात. आणि १९५५ सालच्या एप्रिलांत पंडित नेहरूंनीं त्यांना समारंभपूर्वक चितोडगडावर नेलें, हें कित्येकांच्या वाचनांत असेल. आमच्या घिसाड्यांसाठीं असा कोणताहि समारंभ झाला नाहीं. उलट मराठी भाषेनें त्यांच्या नांवावर एक शब्द मात्र चिकटवला : घिसाडघाई. उतावळेपणानें, अर्धवट, कसें तरी उरकलेलें काम, असा त्याचा अर्थ आपण करतों. ज्यानें हा अर्थ प्रथम केला, तो ऐरणीपाशीं फार वेळ उभा राहिला नसावा.

कारण घाई असते ती लोखंडाची. मोटारीच्या कमानीच्या जुन्या पाट्याचा तुकडा भट्टींतून लालभडक निघाला, कीं विळ्या-खुरप्याएवढ्या पातळ कामाला तो मिनिटभरहि पुरत नाहीं. तेवढ्या अवधींत जें ठोकावयाचें तें ठोकून झालें पाहिजे. निवलेल्या लोखंडावर घाव घातला तर तें चिरतें. म्हणून लोखंड ऐरणीवर आल्यावर कोणी बोलत नाहीं. बोलतो तो हातोडा. पुरुषाच्या डाव्या हातांत सांडशी, उजव्या हातांत लहान हातोडा. हातोडा जेथें टेकेल, तेथेंच घण पडावयाचा. हातोडा हलका वाजला तर घाव हलका, जोरांत वाजला तर जोराचा; आणि हातोडा लोखंड सोडून ऐरणीच्या कडेवर नुसता खणखणला, म्हणजे थांबावयाचें. एवढी ही भाषा. घण आणि सांडशी धरणारा हात यांमध्यें अंतर असतें चार-सहा बोटांचें. बाईचा नेम चुकला तर नवऱ्याचा हात जातो. नवऱ्यानें लोखंड वेळेवर फिरवलें नाहीं तर घण उसळून बाईच्या तोंडावर येतो. सकाळचें भांडण मनांत ठेवून या दोघांना कामाला उभें राहतांच येत नाहीं.

ऊसतोडीच्या हिशेबांत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम विचारतो, किती कोयते आणलेस. आणि दहा कोयते म्हणजे वीस माणसें, हें ज्याचें त्यानें समजून घ्यावयाचें असतें. तेथें दोन माणसें मिळून एक हत्यार झालीं आहेत, आणि त्यांतलें दुसरें माणूस शब्दांतूनच नाहींसें झालें आहे. घिसाड्याच्या पालावर त्या कोयत्याला धार लागते, पण तेथें बाईला कोणी नाहींशी करूं शकत नाहीं. तिचा आवाज अर्ध्या कोसावरून ऐकूं येतो.

मग थट्टा केव्हां? थट्टेची वेळ भात्याची. लोखंड भट्टींत घातलें, भाता चालूं झाला, आणि तें तापेपर्यंत जी फुरसत मिळते, ती सर्वांची मोकळी असते. गिऱ्हाईक उकिडवें बसून तंबाखू मळतें, बाई घणाच्या दांड्यावर हात ठेवून विसांवा घेते, आणि बोलण्याला तोंड फुटतें. लहानपणीं ऐकलेला एक संवाद मला आजहि आठवतो. एका बड्या शेतकऱ्यानें तक्रार केली, 'बाई, महिना झाला नाही तोच कुदळीचं तोंड गेलं.' बाईनें कुदळ हातांत घेतली, अंगठ्यानें तिची कड चांचपली आणि गंभीरपणें विचारलें, 'पाटील, शेत खणलंत का शेजाऱ्याचा बांध?' सगळी बैठक हंसली. पाटील सर्वांत मोठ्यानें हंसले. कारण बांध त्यांनीं खरोखरच कोरला होता, हें साऱ्या गांवाला ठाऊक होतें. हीच गोष्ट चावडीवर कोणी म्हटली असती, तर डोकीं फुटलीं असतीं. पण येथें 'पाटील' हें संबोधन होतें, 'खणलंत' हा आदर होता, कुदळीला नवें तोंडहि मिळणार होतें. आणि पुढच्याच क्षणीं लोखंड तापून लाल झाल्यामुळें उत्तर द्यावयास सवड नव्हती. थट्टेला कोठें तोडावें, हें तेथें भट्टीच ठरवून देत होती.

घरच्यांमधली थट्टा याहून बारीक. ती कोणीहि कोणाची करीत नाहीं. मी पुष्कळदां पाहिलें आहे, कीं सांडशी धरून सासरा बसला असला आणि घण सुनेच्या हातीं असला, तर सुनेचा पदर कपाळाच्या खालींपर्यंत येतो आणि दोघांमध्यें अवाक्षर होत नाहीं. सारा कारभार हातोड्याच्या टेकण्यावर. एकदां अशाच एका नव्या सुनेचा घाव चुकला, विळ्याचें पातें वांकडें झालें. म्हातारा कांहीं बोलला नाहीं. त्यानें पातें उचलून पुन्हां भट्टींत घातलें आणि भात्याकडे पाहून म्हणाला, 'लोखंड निवलं.' लोखंड निवलें नव्हतें, हें मला लहानपणींहि दिसलें होतें. दोष लोखंडावर घालून त्यानें सुनेचा मान राखला. लगेच, भाता ओढीत बसलेल्या धाकट्या दिराकडे वळून तीच सून पदराआडून म्हणाली, 'भाऊजी, भाता ओढताय का डुलक्या काढताय?' दीर म्हणाला, 'वहिनी, तुमच्या घणाशिवाय जाग येत नाही.' एकाच पालाखालीं, दोन हातांच्या अंतरावर, एका पुरुषापुढें मौन आणि दुसऱ्याशीं ही सलगी. आणि दोन्हीं आपापल्या जागीं बरोबर.

आपल्या घरांतूनहि हें होतेंच. दिराशीं थट्टा चालते, भासऱ्यापुढें चालत नाहीं. मेहुण्याला चिडवावें, सासऱ्याला नाहीं. लग्नांत विहिणीची खोड काढणें हा तर हक्कच. इरावतीबाई कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथांत हिंदुस्थानांतल्या या रिवाजांचा विचार केला आहे; आणि त्यांच्याहि आधीं, १९४० सालीं, रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञानें आफ्रिकेंतल्या उदाहरणांवरून असें दाखवून दिलें, कीं जेथें जवळीकहि हवी आणि भांडणाचाहि संभव आहे, तेथें समाज थट्टेची मुभा देतो, आणि जेथें भांडण परवडणारच नाहीं, तेथें अंतर पाळावयास लावतो. घिसाड्यांच्या पालांत हा सिद्धांत मला जितका स्पष्ट दिसला, तितका माझ्या स्वतःच्या घरांत दिसला नाहीं. कदाचित् आमच्या घरांत कोणाच्या हातीं घण नव्हता, म्हणून असेल.

आणि आतां जी सांगण्यासाठीं मी हा सारा फेरा घेतला, ती गोष्ट.

तिला सुमारें पन्नास वर्षें झालीं. मी कॉलेजांत नुकताच गेलेला, सुट्टींत घरीं आलेला, आणि चार विनोदी पुस्तकें वाचल्यामुळें आपणहि विनोदी आहों अशी खात्री झालेला. आईनें दोन खुरपीं शेवटून आणावयास सांगितलीं. बाजारतळाच्या कडेला पाल होतें. बैठक भरलेली होती. लोखंड भट्टींत होतें, म्हणजे वेळ थट्टेची होती. तेवढें माझें बरोबर. घणाच्या दांड्यावर हात ठेवून तिशीची एक बाई उभी होती. तिच्या नवऱ्याला उद्देशून मी मोठ्यानें म्हणालों, 'काय मिस्त्री, घण बायकोच्या हातात! म्हणजे घरात मार कोण खातं ते कळलं.'

वाक्य टाकून मीं दाद घेण्यासाठीं आजूबाजूला पाहिलें. एक जण कसानुसा हंसला. बाकीचे भट्टीकडे पाहूं लागले. नवऱ्यानें मान वर केली नाहीं. बाईनें पदरानें कपाळ पुसलें आणि अगदीं साध्या आवाजांत म्हणाली, 'दादा, या. खुरपं तुमचंच आहे. सांडशी तुम्ही धरा.'

नवऱ्यानें सरकून जागा करून दिली. माघार घ्यावी, तर चौघांत शोभा. मी बसलों. सांडशी हातांत घेतली, तिनें सांगितलें तसें खुरपें ऐरणीवर आडवें धरलें. घण वर गेला तो मला दिसला. खालीं आला तो दिसला नाहीं, कारण मीं डोळे मिटले होते. हात आपोआप मागें आला, घण लोखंडाच्या कडेवर बसला, आणि माझें खुरपें उडून धुळींत पडलें. आतां ती हंसेल, असें वाटलें. हंसण्याचा तिला पुरा अधिकार होता, आणि तिच्यामागून हंसावयास सात-आठ माणसें टपून बसलीं होतीं. ती हंसली नाहीं. भात्यावरच्या पोराला म्हणाली, 'वारा दे रे, लोखंड निवलं.'

दुसऱ्या खेपेस तिनें घण हलका घातला. 'डोळे उघडे ठेवा दादा,' ती म्हणाली, 'मी लोखंडावर मारते, हातावर नाही.' तिसऱ्या खेपेस माझे डोळे उघडे राहिले. मग खुरपें पुन्हां भट्टींत गेल्यावर, गिऱ्हाइकांकडे पाहून, 'आमचे कारभारी पहिले सहा महिने असेच डोळे मिटायचे,' असें ती म्हणाली. तेव्हां नवऱ्यानें प्रथमच तोंड उघडलें. 'सहा नाही, तीन,' तो म्हणाला. मग मात्र पाल हंसून हंसून डोलूं लागलें. बाई हंसली, नवरा हंसला, आणि मीहि हंसलों.

त्या वेळीं मला केवळ सुटका झाल्यासारखें वाटलें. तिनें काय केलें, तें पुढें पुष्कळ वर्षांनीं उमगलें. माझ्या थट्टेनें तिच्या नवऱ्याला खालीं पाहावयास लावलें होतें, आणि तिच्या कामाचा तमाशा केला होता. तिनें फेड केली नाहीं. मला उघडा पाडून सोडलें असतें, तर मी जन्मभर त्या बाजूला फिरकलों नसतों. तिनें थट्टा माझ्यावरून काढली आणि स्वतःच्या नवऱ्यावर नेली, म्हणजे जेथें थट्टा करण्याचा तिला हक्क होता, तेथें. आणि तीं दोघें व मी अशीं तिघें एका बाजूला बसवलीं. मी परका, थट्टेच्या नात्यांत न बसणारा. मला तिनें तेवढ्यापुरतें बसवून घेतलें. नवऱ्यानें 'तीन' म्हणून जी सवलत मागितली, ती तर मला आजहि फार मोठ्या मनाची वाटते. खुरप्यांचे पैसे तिनें ठरल्याप्रमाणें घेतले. एक पैसा कमी केला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

हें चित्र सोज्ज्वळ करून दाखवावें, असा माझा मुळींच हेतु नाहीं. घण खालीं ठेवल्यावर त्याच बाईला तीन दगडांची चूल पेटवावयाची असते, पाणी दूरवरून आणावयाचें असतें. सहा महिन्यांचें मूल भट्टीच्या धगीजवळ झोळींत असतें. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगानें २००८ सालीं भटक्या-विमुक्तांविषयीं जो अहवाल दिला, त्यांत घरावांचून, शाळेवांचून, साध्या शिधापत्रिकेवांचून जगणाऱ्या लोकांची जी हकीकत आहे, ती या पालांचीहि आहे. हातीं घण आला म्हणजे घरांतला निर्णयहि हातीं आला, असें नव्हे. शहरांतल्या आपणांस लोहाराची बायको माहीत असते ती बहुधा 'साधी माणसं' या १९६५ सालच्या चित्रपटांतल्या ऐरणीच्या गाण्यामुळें. जगदीश खेबुडकरांचें तें गाणें आहेहि तसेंच गोड. पण गाणें संपलें कीं आपण घरीं जातों, आणि तिला दुपारपर्यंत आणखी वीस विळे ठोकावयाचे असतात.

हल्लीं शिरडीच्या वाटेवर मोटारी थांबतात. खालीं उतरलेलीं माणसें खिशांतून फोन काढतात आणि घण मारणाऱ्या बाईचें चित्र घेतात. 'घेऊं का?' असें विचारणारा क्वचित्. मीं पाहिलें तेव्हां बाईनें घाव चुकवला नाहीं. फक्त पदर पुढें ओढला. चित्र घेणारा हंसत होता. माझें पन्नास वर्षांपूर्वींचें वाक्य त्याच्या तोंडीं नव्हतें, एवढेंच.

परवां राहात्यास गेलों होतों, तेव्हां अशाच एका पालावर जरा टेकलों. चामड्याचा भाता कधींच गेला, हातानें फिरवावयाचें चाकहि गेलें. आतां विजेचा पंखा आहे. कळ दाबली, कीं कोळसा फुलतो आणि पाहतां पाहतां लोखंड लाल होतें. सांडशी म्हाताऱ्याच्या हातांत, घण सुनेच्या हातांत. म्हातारा मला जुनी कांहीं गोष्ट सांगूं लागला, आणि मध्येंच थांबून कुरकुरला, 'पूर्वी विळा तापेपर्यंत गोष्ट पुरी व्हायची. आता अर्ध्यावरच लोखंड लाल होतं.'

सून पंख्याच्या कळीशीं उभी होती. डोक्यावर पदर होता, पण चेहरा उघडा होता. 'मग कळ बंद करू का, मामंजी?' ती म्हणाली.

म्हातारा क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिला. मग त्यानें सांडशीनें विळा काढून ऐरणीवर ठेवला आणि हातोडा एकदां टेकवला. ती घण उचलून पुढें आली.